मूळ मिसल पाहिल्याशिवाय

रात्रीचे आठ वाजले, की मी उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसतो, पाण्याचा तांब्या उजव्या हाताशी घेतो, लाल पुठ्ठ्याची वही मांडीवर उघडून तीत तिथी, वार आणि तारीख घालतो, दूरचित्रवाणीसमोरच्या वेताच्या आरामखुर्चीत नीट बैठक जमवतो आणि 'डॉक्टर हू' ही इंग्रजी मालिका सुरू न करण्याच्या उद्योगास लागतो. हा उद्योग साधारणतः साडेनऊपर्यंत चालतो. त्यानंतर वहीत 'आज स्थगित' असा शेरा मारून व त्याखाली आद्याक्षरांची सही करून मी निजावयास जातो. अशी सत्तेचाळीस पाने आजवर भरली असून, छत्तीस वर्षांच्या सरकारी चाकरीत एवढे नियमित काम माझ्या हातून झाल्याचे मला स्मरत नाही.

ह्या प्रकरणाचे मूळ कार्डिफात आहे. आमची कन्या व जावई तेथे बरीच वर्षे राहतात, आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी शाळेच्या सुटीत, ऐन जुलैअखेरीस, म्हणजे आमच्या धार जिल्ह्यातल्या सरदारपूरचे रस्ते चिखलात आणि सरदारपूरची वीज परमेश्वराच्या हातात असते अशा वेळी, आमच्याकडे येते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. 2005 साली ही मालिका पुन्हा सुरू झाल्यापासून तिचे चित्रीकरण मुख्यतः त्याच गावी व आसपास होते. ही माहिती नातीने मला, इंदूरचा माणूस आपल्या सराफ्याविषयी ज्या सुरात बोलतो, त्याच सुरात दिली.

"आजोबा, तुम्ही डॉक्टर हू पाहिलंच नाही? एकही एपिसोड नाही?"

"नाही, बाळ."

"मग इतकी वर्षं तुम्ही केलंत काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यासही नीट देता आले नव्हते. मी जिल्ह्यातील निरनिराळ्या कचेऱ्यांत रेकॉर्ड-कीपर होतो, एवढेच म्हणालो, आणि तेथेच माझा घात झाला. कारण रेकॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाच्या हाडीमाशी एक नियम खिळलेला असतो, तो असा की, मूळ मिसल पाहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर शेरा मारू नये. जमीन कोणाची हे ठरवण्यापूर्वी मिसल बंदोबस्त काढावी, तीवरून पुढचे फेरफार लावावेत, आणि मगच आज दारात उभ्या असलेल्या इसमास 'उद्या या' असे सांगावे. नातीने चालू पर्वातला एखादा भाग लावू का म्हणून विचारताच मी हात वर केला आणि म्हणालो, "थांब. पहिल्यापासून पाहू. एकूण भाग किती?"

तिने सांगितले. मी वहीत लिहिले, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाणी प्यायलो.

पावणेनऊशेंहून अधिक! बी. आर. चोप्रांचे 'महाभारत', ज्यात अठरा अक्षौहिणी सैन्य पडले, भीष्म शरपंजरी निजले आणि समग्र गीता सांगून झाली, ते दूरदर्शनवर 94 भागांत आटोपले होते. आणि इकडे ह्या मालिकेचा नायक निळ्या पेटीत बसून 1963 च्या नोव्हेंबरपासून काळातून हिंडतो आहे व अद्याप घरी पोचलेला नाही. मी त्रैराशिक मांडले. रोज रात्री एक भाग धरला तरी सुमारे अडीच वर्षे लागणार. त्यात ग्रहणे, लग्नसराई, डोळ्यांचे ऑपरेशन आणि वीज मंडळाची मर्जी वजा जाता चार वर्षे सहज. माझे वय चौऱ्याहत्तर. आमच्या येथील डॉक्टरांनी, खऱ्या, गेल्याच महिन्यात मला दीर्घ मुदतीच्या ठेवी ठेवू नका असे सुचवले होते. ते बहुधा बँकेविषयी बोलत नव्हते.

"पण सगळे पाहायची गरजच नाही, आजोबा. कुठूनही सुरू करता येतं."

कुठूनही! हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तरी 'कुठून' ह्याची चौकशी करावी म्हणून मी साक्षीपुरावा घेण्यास आरंभ केला. नातीचे मत, 2005 पासून पाहावे, कारण तेथून नवे बिऱ्हाड सुरू होते. जावयांनी दूरध्वनीवरून अदबीने सुचवले, की टॉम बेकर ह्या नटाचा काळ, 1974 ते 1981, हाच खरा. त्याच्या गळ्यातील लांबलचक विणलेला गळपट्टा पाहिल्याखेरीज आपले शिक्षण पुरे झाले असे मानू नये. कन्येने मागून ओरडून सांगितले, 2010. नातीच्या मैत्रिणीने कार्डिफहून कळवले, की 2024 साली चालकांनी पर्वांची गणती पुन्हा एकपासून सुरू केली आहे, तेव्हा तेच 'पहिले पर्व'. म्हणजे 1963 चे पहिले, 2005 चे पहिले आणि 2024 चेही पहिले! एकाच मिसलीस तीन पहिले क्रमांक देणारा कारकून आमच्या वेळी असता, तर त्याची बदली पचमढीच्या पुढे जेथे रस्ता संपतो तेथे झाली असती.

माझी स्थिती आमच्याच धारच्या भोजराजासारखी झाली. शेताच्या टेकाडाखाली विक्रमाचे सिंहासन सापडले, धुऊनपुसून दरबारात मांडले, भोज त्यावर बसण्यासाठी पाऊल उचलतो न उचलतो तोच पायरीवरची पुतळी म्हणाली, थांब, आधी ही गोष्ट ऐक. दुसऱ्या दिवशी दुसरी पुतळी, तिसऱ्या दिवशी तिसरी. आणि असा तो भला राजा बत्तीस वेळा मागे फिरला. तो तरी राजा होता, त्यास उभे राहण्याचा सराव असेल. मला गुडघेदुखी आहे.

भोजाचा विषय निघालाच आहे, तर जाता जाता एवढे नमूद करतो, की विज्ञानकथा ही वस्तू आमच्या मुलखास नवी नव्हे. ह्याच धारानगरीच्या राजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' ह्या ग्रंथात पाऱ्याच्या बळावर आकाशात उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन आहे, आणि यंत्राची पुरी घडण मात्र दिलेली नाही. ती का दिली नाही ह्याचा खुलासाही ग्रंथकाराने केला आहे, की गुप्ततेस्तव दिली नाही, अज्ञानामुळे नव्हे. हा खुलासा मी चाकरीत असताना पुष्कळ वेळा वापरला. वरिष्ठांनी एखादी फाईल मागितली व ती सापडली नाही, तर माझे उत्तर तेच असे. पुढे देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी सचिव म्हणून 1921 साली राहून गेलेले ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी त्याआधी बारा वर्षे 'द मशीन स्टॉप्स' नावाची कथा लिहिली होती. तीत माणसे जमिनीखालच्या खोल्यांत एकेकटी बसून एका तबकडीवर दूरदेशीच्या आप्तांची तोंडे पाहतात व हवापाण्याच्या गोष्टी करतात. आमच्या घरी हा कार्यक्रम दर रविवारी कार्डिफशी होतो. फरक इतकाच, की आमच्या तबकडीवर आप्तांचे तोंड न दिसता बहुतकरून त्यांच्या घराचे छत दिसते.

असो. नातीने मला मालिकेचे मर्म समजावण्यास घेतले. तिची कल्पना, की आजोबांना हे कठीण जाईल. नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा; तो मरणाच्या दारी पोचला, की मरत नाही, निराळ्या देहात व निराळ्या स्वभावात उभा राहतो. 1966 साली पहिला नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे काम करीनासा झाला, तेव्हा चालकांनी ही युक्ती काढली आणि पॅट्रिक ट्राउटन ह्यास त्याच्या जागी उभे केले; तेव्हापासून हा क्रम चालू आहे.

"कळलं का, आजोबा? चेहरा वेगळा, कपडे वेगळे, बोलणं वेगळं, पण माणूस तोच."

"म्हणजे तहसीलदार," मी म्हणालो.

नात गोंधळली, पण मी क्षणभरही गोंधळलो नव्हतो. इसम बदलतो, हुद्दा कायम राहतो, हे तत्त्व मी छत्तीस वर्षे टेबलाच्या ह्या बाजूने पाहिलेले आहे. एक साहेब जातो. त्याच्या निरोपाचा हार कोमेजण्यापूर्वी दुसरा रुजू होतो. पहिला गोरा व मितभाषी, दुसरा काळा व गाणारा. पहिला चहात साखर घेत नसे, दुसरा साखरेत चहा घेतो. नवा आला, की प्रथम टेबल पूर्वेच्या भिंतीस लावतो, कारण जुन्याने ते पश्चिमेस लावले होते. दोन दिवस तो आरशात पाहिल्यासारखा स्वतःच्या सहीकडे पाहत बसतो. मग जुन्याच्या हुकुमांची आपणास काहीच माहिती नाही असे जाहीर करतो. आणि महिन्याभरात, काय चमत्कार असेल तो असो, त्याच खुर्चीत, त्याच शिक्क्याने, त्याच अर्जदारास, त्याच आवाजात 'उद्या या' म्हणू लागतो. हा पुनर्जन्म मी उण्यापुऱ्या एकोणीस वेळा जवळून पाहिला. इंग्रजांच्या डॉक्टरास साठ वर्षांत तो पंधरा-सोळा वेळाच साधला आहे.

निळ्या पेटीचेही असेच. ती बाहेरून लंडनच्या पोलिसांची टेलिफोनची चौकी दिसते आणि आत शिरले, की महाल. मुळात ती जेथे जाईल तेथल्यासारखे रूप घेणारी होती, पण पहिल्याच कथेत ते यंत्र बिघडले आणि पेटी चौकीची चौकीच राहिली. आज साठाहून अधिक वर्षे झाली, दुरुस्ती नाही. ह्यात नवल वाटण्याजोगे काय आहे हे मला उमगले नाही. आमच्या एका कचेरीतील जीप उलट्या गिअरमध्येच अडकली होती. तिचा दुरुस्तीचा कागद माझ्या निवृत्तीपर्यंत फिरत होता, जीप फिरत नव्हती.

सारांश, समजण्याची अडचण नव्हती. अडचण होती आरंभाची. आणि आरंभाचा शोध घेऊ जाता असे निष्पन्न झाले, की आरंभच वादात आहे. 2023 साली मालिकेच्या षष्ट्यब्दीनिमित्त बीबीसीने आपल्या ब्रिटनमधील प्रेक्षकांसाठी जुने-नवे मिळून आठशेंहून अधिक भाग एकत्र उपलब्ध केले. मात्र पहिल्याच कथेचे चार भाग त्यांत नव्हते, कारण त्या कथेच्या दिवंगत लेखकाच्या वारसाशी हक्कांची बोलणी जमली नाहीत. हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. परग्रह, कालयंत्र आणि लोखंडी डब्यातून 'ठार करा' म्हणून ओरडणारे डॅलेक ह्यांच्याविषयी मला परकेपणा वाटत होता. परंतु वडिलांच्या मालमत्तेवरून मुलाने हरकत घेतली आणि सारे घोडे वेशीवर अडले, हे ऐकताच ही मालिका धार जिल्ह्यातलीच आहे अशी माझी खात्री पटली.

"म्हणजे मूळ मिसल उपलब्ध नाही," मी समाधानाने वही मिटली. "वारसांचा निकाल लागू दे, मग पाहू."

"बाबांकडे डीव्हीडी होती. मी आणलीये," नात म्हणाली.

ही पोर आईवर गेली आहे.

पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींचा वध झाला होता. लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागापूर्वी पहिला पुन्हा दाखवावा लागला. त्याहीपूर्वी तो एकदा चित्रित करून, पसंत न पडल्यामुळे, नव्याने चित्रित केला होता. दिग्दर्शक वारिस हुसेन, हे लखनौस जन्मलेले. तेव्हा 'पहले आप' करीत भाग दोनदा झाला असेल तर त्यात आश्चर्य नाही. एकूण, खुद्द चालकांनाही पहिल्या भागातून बाहेर पडणे जड गेले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे माझ्याविषयी मत बनवताना त्याचा उपयोग होईल.

आम्ही तो भाग लावला. काळेपांढरे चित्र, धुके, भंगारवाल्याचे आवार, आवारात ती चौकी आणि चौकीतून घुमणारा आवाज. दोन शिक्षक आपल्या एका विलक्षण विद्यार्थिनीच्या मागावर तेथे येतात. आणि धुक्यातून एक तिरसट, पांढऱ्या केसांचा, कोणालाही धड उत्तर न देणारा म्हातारा पुढे होतो. हाच डॉक्टर. ती मुलगी त्याची नात.

"नात?" मी विचारले.

"मग! म्हणून तर तुम्हाला दाखवायचं होतं."

मी चष्मा पुन्हा पुसला. तेवढ्यात वीज गेली.

तात्पर्य, पहिल्या दिवशी आम्ही अकरा मिनिटे पाहिली. दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, बाराव्या मिनिटापासून लावू. मी म्हणालो, छे, खंडित वाचन ग्राह्य नाही, संकल्पापासून पुन्हा. पुन्हा धुके, पुन्हा भंगार, पुन्हा आजोबा, आणि चौदाव्या मिनिटाला पुन्हा अंधार. तिसऱ्या दिवशी नऊच मिनिटे. आमच्या तहसिलीत उगम पावणारी मही नदी उत्तरेस राजस्थानात जाते, तेथून मागे वळून गुजरातेत उतरते, आणि ह्या येरझाऱ्यात कर्कवृत्त दोनदा ओलांडते. तिच्या काठच्या माणसाने एकाच भंगाराच्या आवारात तीनदा शिरावे, ह्यात स्थानमाहात्म्य असलेच पाहिजे.

ह्याच सुमारास शेजारच्या वकीलसाहेबांनी फाटकावरून विचारले, "दादासाहेब, हल्ली संध्याकाळचे फिरायला दिसत नाही?"

"सध्या डॉक्टरचं चाललंय," मी म्हणालो.

"अरेरे! कोण डॉक्टर?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"'डॉक्टर कोण', हेच नाव."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे किंचित निरखून पाहिले. "इंदूरचे, की दाहोदचे?"

"कार्डिफचे. म्हणजे आहेत पंधरा-सोळा, पण माणूस एकच. मी आपला पहिल्यापासून सुरुवात करणार आहे."

संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात पोचली, की दादासाहेबांचे डोक्याचे दुखणे असून पंधरा डॉक्टर झाले, सोळावा विलायतेहून यावयाचा आहे. एकाने पपई आणून दिली, दुसऱ्याने ब्राह्मीचे तेल. तिसरे गृहस्थ बराच वेळ हवापाण्याचे बोलत बसले आणि उठता उठता, घर कोणाच्या नावावर आहे, असे सहज विचारून गेले. खरा खुलासा केला तेव्हा वकीलसाहेब हसले व म्हणाले, "म्हणजे आपल्या शक्तिमानसारखंच ना? संकट आलं, की गरगर फिरायचं." मी त्यांस मूळ फरक समजावण्याच्या इराद्याने तोंड उघडले, पण मीच पहिला भाग चौदाव्या मिनिटापुढे पाहिलेला नसल्याने ते पुन्हा मिटले.

मग मी अभ्यासाच्या मार्गाने जावयाचे ठरवले. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर डॉक्टरांची वंशावळ आखली. प्रत्येकाचे नाव, रुजू झाल्याचे वर्ष, चार्ज सोडल्याचे वर्ष, शेरा. काळी शाई नटास, तांबडी शाई शत्रूंस. दोन दिवस खपून कागद दिवाणखान्यात पसरला, आणि तिसऱ्या दिवशीच्या पावसात कौलांतून धार लागली तेव्हा सौभाग्यवतींनी प्रसंगावधान राखून बादलीखाली शिंतोडे उडू नयेत म्हणून तोच अंथरला. सर्व डॉक्टरांत दीर्घकाळ, सात वर्षे, टिकलेला टॉम बेकर एका सरीत गेला. तांबडे शत्रू तेवढे फरशीवर उमटले. ते अजून निघालेले नाहीत.

नात कंटाळली. तिचा कंटाळा मोडावा म्हणून एका सकाळी तिला खरमोर दाखवावयास नेले. हा माळढोकाच्या कुळातला लहानसा पक्षी पावसाळ्यात आमच्या गवताळ माळांवर येतो. त्याच्यासाठी 1983 सालापासून येथे अभयारण्य आहे. नर गवतातून एकाएकी माणसाच्या उंचीइतका उसळतो, पंख फडफडवतो, आणि खाली पडून नाहीसा होतो. आम्ही दुर्बीण घेऊन दोन तास भिजत उभे राहिलो. रखवालदाराने तीनदा धावत येऊन सांगितले, "साहेब, आत्ताच उडाला होता." नातीने गवताकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ती म्हणाली, "आजोबा, हा पण पहिल्यापासून पाहायचा राहिला."

परत आलो तो घरातून युद्धाचे आवाज येत होते. सौभाग्यवती भाजीची परडी पुढ्यात घेऊन, शेंगा निवडत, नातीने टेबलावर ठेवलेल्या यंत्रावर मालिकेचा कुठला तरी मधलाच भाग पाहत होत्या.

"अगं, हा कितवा?" मी कासावीस होऊन विचारले.

"काय माहीत. हा उंच मुलगा चांगला आहे, पण ती पोरगी त्याच्यात उगाच गुंतलीय. तिची आई शहाणी आहे. तिला पसंत नाही."

"पण आधीचं काही पाहिल्याशिवाय तुला कळतंय कसं?"

त्यांनी शेंग मोडली. "चार दिवस सासूचे मी पहिल्यापासून कुठे पाहिली होती? इंदूरला वन्संकडे गेले होते तेव्हा लागली होती, तिथून धरली."

ह्यावर मला उत्तर नव्हते. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 साली सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग होऊन 2013 साली संपली. ज्या मालिकेच्या नावातच चार दिवसांचा करार आहे ती अकरा वर्षे चालते, ह्यापुढे निळ्या पेटीतला कालप्रवास म्हणजे पोरखेळ होय. आणि ते अख्खे अंतर ह्या बाईने, वहीत एक अक्षर न टिपता, पोळ्या लाटता लाटता कापले होते.

"आणि तुमच्या घरी तरी मी पहिल्यापासून कुठे होते?" त्या पुढे म्हणाल्या. "आले तेव्हा मामंजी थोरल्या काकांशी बोलत नव्हते, आत्याबाई माडीवरून उतरत नव्हत्या, आणि तुम्ही दोघांचे निरोप पोचवीत होता. कुणी सांगितलं होतं मला, मागच्या भागात काय झालं ते? दुसऱ्याच दिवशी पंगतीत वाढायला लावलं."

"मग तुला कळलं कसं?"

"कुणाला आधी वाढलं की कुणाचं तोंड वाकडं होतं, ते बघितलं."

नात टाळ्या पिटत त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून माझी आरामखुर्ची व त्यांची परडी असे दोन पक्ष झाले. दोघी दुपारी, वीज असेल तेव्हा, मिळेल तो भाग पाहत. 2008 चा झाला, की 2015 चा, मग पुन्हा 2006 चा. मी रात्री पहिल्या भागापाशी बसत असे. नातीला एकच धास्ती होती: 2023 सालचा एक प्रसंग, ज्यात मरता मरता डॉक्टर एकाचा दुसरा न होता चक्क दुभंगतो, जुना तसाच राहतो व नवा शेजारी उभा राहतो, दोघेही खरे, दोघेही डॉक्टर, आणि पेटीच्याही दोन पेट्या होतात. विलायतेतल्या भल्याभल्या प्रेक्षकांनी ह्यावर कपाळ धरले होते. तिने आजीला तो फार सावकाश, थांबून थांबून समजावण्यास आरंभ केला.

"म्हणजे थोरली पाती नि धाकटी पाती," सौभाग्यवती म्हणाल्या. "पुढे?"

त्यांचे माहेर देवास, हे सांगावयाचे राहिले. पवारांच्या तुकोजी व जिवाजी ह्या दोघा भावांनी अठराव्या शतकात जे देवास घेतले, त्याचे पुढे एकाच गावात दोन राज्ये झाली. दोन राजे, दोन दरबार, दोन राजवाडे, आणि बाजारपेठेच्या रस्त्याच्या मधोमध सरहद्द. हे 1948 सालच्या विलीनीकरणापर्यंत चालले. सौभाग्यवतींचे आजोबा धाकट्या पातीच्या चाकरीत होते आणि आजोबांचे धाकटे भाऊ थोरल्या पातीच्या. त्यामुळे दसऱ्यास कोणी कोणाला आधी सोने द्यावे ह्यावर त्या घरात जो शास्त्रार्थ होई, त्यापुढे दोन डॉक्टर एका अंगणात उभे राहणे ही फारच सरळ बाब होती. त्यांनी नातीला एवढेच विचारले, की दोन पेट्या झाल्या हे ठीक, पण खर्च कोणत्या पातीकडे पडतो. नातीला ते सांगता आले नाही.

सप्टेंबरच्या आरंभी नात परत गेली. जाताना तिने आजीकडून एकसष्ट भाग पाहून घेतले होते, माझ्याकडून एकच. तोही शेवटच्या रात्री वीज दयाळू झाली म्हणून पंचवीस मिनिटांचा पुरा झाला. म्हातारा चिडून यंत्राची कळ दाबतो, ते दोन बिचारे शिक्षक कोलमडतात, आणि पेटी लंडन सोडून एका उजाड माळावर जाऊन उभी राहते. माळावर कोणाची तरी सावली पडते. "बघितलंत?" नातीने विचारले. "आता सांगा, दुसरा लावू?" मी म्हणालो, आज उशीर झाला आहे, उद्या तुला गाडी गाठायची आहे. हार्टनेल ह्यांनी ती भूमिका घेतली तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते, हे मला त्या रात्री फार लागले.

आता रविवारी तबकडीवर कार्डिफचे छत दिसू लागले, की सौभाग्यवती व नात ह्यांच्यात डॅलेकांच्या स्वभावावर चर्चा होते, आणि मी मागून ऐकतो. मध्येच छतातून प्रश्न येतो, "आजोबा, कितवा?" मी वही वर करून दाखवतो.

माझी हरकत आळसापोटी आहे असे कोणी समजू नये. ती कायदेशीर आहे. बीबीसीने एके काळी जुन्या चित्रफिती पुसून टाकल्या, कारण फीत महाग होती, जागा अपुरी होती, आणि हे पुन्हा कोणी पाहील असे कोणास वाटले नव्हते. आमच्या एका कचेरीत हेच काम वाळवीने विनामूल्य केले. परिणामी 1960 च्या दशकातले शंभराला थोडे कमी भाग आज कोठेच नाहीत. मात्र परदेशांस विकण्यासाठी काढलेल्या प्रतींपैकी काही पुढे अनपेक्षित ठिकाणी निघाल्या; दोन भाग लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात सापडले, आणि 2013 साली नायजेरियातून नऊ भाग परत आल्याचे जाहीर झाले. तेव्हा दुसरा भाग पाहून पुढे जावे, आणि ऐन रंगात आलो असता मिसलीतून पाने गहाळ निघावीत, हे मला ह्या वयात सोसणार नाही.

म्हणून ह्या लेखाद्वारे विनंती करतो, की धार, देवास, इंदूर, उज्जैन अथवा अन्यत्र ज्या कोणाच्या वाड्याच्या माळ्यावर, लग्नातल्या पातेल्यांच्या मागे किंवा लोणच्याच्या बरण्यांखाली, इंग्रजी अक्षरांचे गोल पत्र्याचे डबे असतील, त्यांनी ते न उघडता कळवावे; पोस्टाचा खर्च मी देईन. घाई मुळीच नाही.